सीओटू मीटर वापरून बघितला त्याचा रिव्ह्यू, आणि सोबत कोरोना हवेतून कसा फिरतो ते

वस्तू काय, तर कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर. तळहातात मावणारा पांढरा डबा, समोर मोठा आकडा, त्याखाली हिरवा-पिवळा-लाल पट्टा, बाजूला तापमान आणि ह्युमिडिटी. ऑनलाइन घेतला, साडेचार हजाराच्या आसपास पडला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच डबा वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला दिसतो आणि नावापेक्षा आतला सेन्सर कुठला ते बघायचं असतं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, खरी फसवाफसवी तिथेच आहे.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. हा डबा कोरोना ओळखत नाही. फ्लू नाही, टीबी नाही, कुठलाच जंतू ओळखत नाही. बॉक्सवर तसा दावाही नाहीये, पण विकणाऱ्याच्या पेजवर कुणीतरी "घरात सगळ्यांना ताप आला तरी मशीन हिरवंच, पैसे वाया" असं लिहून एक स्टार दिलाय म्हणून सांगावं लागतंय. मशीन एवढंच सांगतं की आत्ता तुम्ही जी हवा आत घेताय त्यातली किती आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलीये. ऐकायला किळसवाणं वाटतं आणि आहेच. पण इतक्या वर्षांत या व्हायरसबद्दल जे काही कळलं त्यातलं घरात वापरता येण्यासारखं सगळ्यात कामाचं या एका आकड्यात आहे असं माझं मत झालंय, आणि आपण अजून दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून खूश आहोत.

मी डोंबिवलीत घरीच नववी-दहावीच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. बारा बाय पंधराची खोली, बॅचला पंधरा-सोळा मुलं, खाली रिक्षा स्टँड आणि हॉर्न, त्यामुळे खिडक्या बंद आणि एसी चालू. दरवर्षीचं ठरलेलं, पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीची सुट्टी संपली की एकदा, एक पोरगा खोकत येणार, पुढच्या आठवड्यात निम्मी बॅच गायब, मग मी, मग सासूबाई. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना साधा खोकलासुद्धा झेपत नाही. बेंच पुसून झाले, हात धुवायला लावून झाले, काही फरक नाही. मग हा मीटर मागवला.

सकाळी रिकाम्या खोलीत साडेचारशे-पाचशे दाखवत होता. बॅच सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांत चौदाशे. पाऊण तासाने सव्वीसशेच्या वर गेला आणि जोरात किंचाळायला लागला. मुलं भलतीच खूश, एकजण दप्तर भरून तयार, मॅडम बेल झाली.

आता हा आकडा वाचायचा कसा. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती. बाहेरच्या मोकळ्या हवेत साधारण ४२० ते ४३० असतो, शहरात रस्त्यालगत जरा जास्त. आपण जो श्वास सोडतो त्यात सुमारे ४०,००० असतो. म्हणजे खोलीत १,२०० दाखवत असेल तर आत घेतलेल्या हवेतली अंदाजे दोन टक्के दुसऱ्यांची वापरलेली. २,७०० असेल तर सहा टक्के, म्हणजे दर सोळा-सतरा श्वासांतला एक अख्खा श्वास दुसऱ्याचा. हे गणित मी मुलांकडूनच फळ्यावर करून घेतलं. पहिल्या बेंचवरच्या मुलीने मागे वळून मागच्याकडे असं बघितलं की बास.

सीओटूचा आणि व्हायरसचा संबंध काय? दोन्ही एकाच श्वासातून बाहेर येतात, एवढाच, आणि तो पुरेसा आहे. कोरोनाचा कण असतो साधारण ०.१ मायक्रॉनचा, पण तो एकटा उडत येत नाही, आपल्या लाळेच्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या बारीक थेंबांत बसून येतो. खोकताना-शिंकताना दिसतात ते मोठे थेंब, ते चार-सहा फुटांत खाली पडतात. पण नुसतं बोलताना, गाताना, अगदी शांतपणे श्वास घेतानाही जे सूक्ष्म थेंब निघतात, ते खाली पडतच नाहीत, तासन् तास तरंगतात. देवघरात उदबत्ती लावली की वास स्वयंपाकघरात येतो ना, तसंच, सहा फुटांवर येऊन कुणी थांबत नाही. खिडकी उघडी असेल तर दोन्ही बाहेर जातात, बंद असेल तर दोन्ही साठतात. सीओटू मोजणं सोपं आणि स्वस्त, व्हायरस मोजणं घरी अशक्य, म्हणून सीओटू.

हे सगळं आपल्याला तेव्हा कुणी का सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे. २०२० चा मार्च-एप्रिल आठवा. भाज्या सोड्याच्या पाण्यात, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतलेल्या, पेपर बंद, पार्सल दोन दिवस दाराबाहेर. त्याला कारण होता अमेरिकेतला एक प्रयोग, त्यात दिसलं की प्लास्टिकवर हा व्हायरस तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत सापडतो. ती बातमी घरोघरी पोचली. पण त्याच प्रयोगात हवेतल्या सूक्ष्म थेंबांत तो प्रयोग चालला तेवढे तिन्ही तास जिवंत होता, त्याची हेडलाइन आपल्यापर्यंत काही आली नाही. २८ मार्च २०२० ला तर जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट करून ठासून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये लिडिया मोरावस्का यांच्यासह २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की पसरतो, लक्ष द्या. तरी संघटनेने 'हवेतून' हा शब्द वेबसाइटवर स्वच्छपणे लिहिला डिसेंबर २०२१ मध्ये. तिथल्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामीनाथन पद सोडताना म्हणाल्या की हे आम्ही खूप आधी सांगायला हवं होतं. हो ना मॅडम, हवंच होतं. आणि वस्तूला हात लावून कोरोना व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी, हे अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या साथींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, तोपर्यंत इकडे आपल्या बोटांची सालं निघाली होती.

पुरावे मात्र अगदी सुरुवातीपासून समोर होते. जानेवारी २०२०, चीनमधलं ग्वांगझू, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली, एका कुटुंबातली बाई वुहानहून आलेली. तिच्यासह दहा जणांना लागण. एकमेकांना हात लावला नाही, बोलले नाहीत. नंतर तपासलं तर एसी तीच हवा त्या तीन टेबलांमध्ये गोल गोल फिरवत होता, एक्झॉस्ट बंद होते, आणि माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत होती. दुसरी केस १० मार्च २०२० ची, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाच्या भागात कॉयरची, म्हणजे समूहगानाची प्रॅक्टिस, ६१ जण, अडीच तास गाणं. हात सॅनिटाइझ केले, मिठ्या टाळल्या, सगळं सगळं केलं. ५३ जण आजारी, दोघं गेले. गाताना तोंडातून किती सूक्ष्म थेंब निघतात ते बघता हे व्हायचंच होतं. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाला मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी आता हॉलऐवजी गच्चीवर बसायला सुरुवात केलीये, पाऊस नसेल तेव्हा.

मुलं हमखास विचारतात, मॅडम हा व्हायरस आला कुठून, लॅबमधून की वटवाघळातून? मी सांगते तेवढं सांगते. ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाच्या केसेस जगाला कळल्या. सुरुवातीच्या बऱ्याच केसेस हुआनान मार्केटच्या आसपासच्या, म्हणजे मासे आणि जिवंत प्राणी विकायचे त्या बाजाराच्या. १ जानेवारीला मार्केट बंद केलं, तिथल्या गाळ्यांमधून घेतलेल्या नमुन्यांत व्हायरस सापडला आणि त्याच नमुन्यांत रॅकून डॉगसारख्या प्राण्यांचा डीएनएही सापडला. पण लागण झालेला प्रत्यक्ष प्राणी कुणाला मिळालेला नाही. याचे जवळचे नातेवाईक व्हायरस युनान प्रांतातल्या आणि लाओसमधल्या वटवाघळांत मिळालेत, ९६-९७ टक्के सारखे, पण तेवढ्या फरकालाही उत्क्रांतीची बरीच वर्षं लागतात. दुसरीकडे त्याच शहरात कोरोना व्हायरसवर काम करणारी मोठी लॅब आहे आणि चीनने सुरुवातीची माहिती पूर्ण दिलेली नाही, म्हणून संशयही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ गटाने जून २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं की सगळ्या शक्यता अजून टेबलावर आहेत, प्राण्यांमधून आल्याच्या बाजूने पुराव्याचं वजन जास्त. मलाही तेच जास्त पटतं, कारण २००२ मध्ये चीनच्याच ग्वांगडाँगमध्ये पहिला सार्स, म्हणजे या कोरोनाचाच भाऊबंद व्हायरस, आला तेव्हाही धागा मार्केटमधल्या उदमांजरांपर्यंत आणि मग वटवाघळांपर्यंत गेला होता.

पण मग तो पहिला सार्स २००३ च्या जुलैपर्यंत आटोक्यात आला आणि हा का नाही? हा प्रश्न मला उगमापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या सार्समध्ये माणूस आजारी पडून आडवा झाल्यावर जास्त पसरवायचा, म्हणजे शोधून वेगळं ठेवता येत होतं. या बाबाचं उलटं. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस पसरवत असतो, मस्त ऑफिसला जातो, लग्नाला जातो, क्लासला येतो. शिवाय प्रत्येकजण सारखा पसरवत नाही. बरेच जण कुणालाच देत नाहीत आणि थोडेच लोक एका बंद खोलीत एकदम वीस जणांना देतात. जपानने हे २०२० च्या सुरुवातीलाच ओळखून लोकांना तीन गोष्टी टाळा सांगितलं, बंद जागा, गर्दी आणि जवळून गप्पा. आपल्याकडे ताप मोजायची बंदूक कपाळाला लावत बसले, त्यात लक्षणं नसलेला माणूस सुटणारच. म्हणून मला मीटर पटतो, कारण कोण आजारी आहे ते कळणारच नसेल तर खोली तरी धड ठेवा.

अजून एक गोष्ट दहावीच्या सायन्सवाल्यांसाठी. ब्रिस्टॉल युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये दाखवलं की सीओटू वाढलेल्या हवेत हा व्हायरस जास्त वेळ टिकतो. कारण एकदम आपल्या पुस्तकातलं, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप. तोंडातून निघालेल्या थेंबात बायकार्बोनेट असतं, बाहेर आल्यावर त्यातला सीओटू उडून जातो, थेंब अल्कली होत जातो, ते व्हायरसला मानवत नाही. हवेतच सीओटू भरपूर असेल तर थेंब तेवढा अल्कली होत नाही आणि व्हायरस टिकतो. ३,००० पीपीएमच्या हवेत चाळीस मिनिटांनंतर साध्या हवेपेक्षा दहापट व्हायरस शिल्लक होता. म्हणजे माझ्या बंद खोलीत एकतर जास्त साठत होता आणि वर जास्त जगतही होता, डबल काम.

आता मीटर घेऊन कुठे कुठे फिरले ते. साध्या लोकलमध्ये, डोंबिवली फास्टला संध्याकाळी असते तेवढी गर्दी, तरी आकडा अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी, दारं-खिडक्या सताड उघड्या ना. याचा अर्थ तिथे लागण होणार नाही असा नाही, समोरच्याचं तोंड अर्ध्या फुटावर असेल तर खिडकी काय करणार. एसी लोकलमध्ये वाढत जातो आणि स्टेशनला दारं उघडली की खाली येतो. मंगल कार्यालयात जेवणाच्या हॉलमध्ये बरा होता, छत उंच. सगळ्यात वाईट कुठे असेल तर आमच्या एरियातल्या एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये, काचेचं दार, एसी, वीस पेशंट, सगळे खोकणारे, तीन हजारांच्या वर. नाव सांगत नाही, डॉक्टर चांगले आहेत. भाच्याच्या पुण्याच्या अभ्यासिकेतून त्याने फोटो पाठवला तोही तसलाच, एमपीएससीची पोरं दहा-दहा तास तिथे बसतात आणि दुपारी झोप येते म्हणून चहा पितात. अरे बाबा खिडकी उघड आधी.

इथे एक गैरसमज, जो मला जवळजवळ प्रत्येकाकडे दिसला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही! आतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या युनिटकडून फक्त उष्णता बाहेर जाते. आमचे हे इंजिनियर असून माझ्याशी वाद घालत होते, शेवटी मीटर समोर ठेवला.

उपाय काय केला ते सांगते कारण त्याशिवाय मीटर म्हणजे नुसती भीती विकत घेणं. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-पाच बोटं उघड्या, डासांची जाळी लावून, आणि एका खिडकीच्या वरच्या काचेत नऊ इंची एक्झॉस्ट, बाहेर फेकणारा. आकडा आता हजाराच्या आसपास राहतो, मधल्या पाच मिनिटांच्या सुट्टीत दार-खिडक्या पूर्ण उघडल्या की सातशेवर येतो. एसीचं बिल वाढलं, हॉर्न ऐकू येतात, धूळ येते, ते आहेच. इलेक्ट्रिशियन म्हणत होता मॅडम काच कशाला कापताय, बाथरूमच्या एक्झॉस्टलाच दार उघडं ठेवा. ते मी नको म्हटलं कारण मला हाँगकाँगचं अमॉय गार्डन्स माहीत होतं. २००३ मध्ये तिथे पहिल्या सार्सच्या तीनशेच्या वर केसेस एकाच संकुलात झाल्या, बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं, एक्झॉस्टने ड्रेनेजच्या पाइपमधली हवा आत ओढली आणि मधल्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर गेली. आपल्या बिल्डिंगींना डक्ट तसेच आहेत. ज्यांचं एक बाथरूम वापरात नाही त्यांनी आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा, फुकटचा उपाय आहे.

गंमत म्हणजे हे उपाय आपल्या सरकारनेच सांगितले होते. मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने सोपी चित्रं काढून पत्रक काढलं, घरात क्रॉस व्हेंटिलेशन कसं करायचं, एक्झॉस्ट कुठे लावायचा, सूक्ष्म थेंब १० मीटरपर्यंत जाऊ शकतात वगैरे. उत्तम पत्रक, फक्त दुसरी लाट ओसरायला लागल्यावर आलं. त्या लाटेतल्या डेल्टाचा पूर्वज प्रकार आपल्याच महाराष्ट्रात सापडला होता, फेब्रुवारीत अमरावतीकडे केसेस वाढत होत्या तेव्हाच वारं कुठलं आहे ते दिसत होतं.

आणि खिडकी उघडा हे सांगणं सगळ्यांना लागू पडत नाही हेही लिहायला पाहिजे. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्ताच्या तपासण्या झाल्या, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, निघाल्या आणि इमारतींमध्ये १६ टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, एक दार, खिडकी असलीच तर समोरच्याच्या भिंतीत उघडणारी, आणि संडास सगळ्यांचा एक. तिथे मीटर नेऊन काय करणार, आकडा लाल येईल आणि उघडायला काही नसेल. मुंबईला हे नवीनही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रजांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते पाडले. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांनी, वाऱ्याने त्याला काही होणार नव्हतं. औषध बरोबर, रोग चुकीचा. त्याच वस्तीतल्या चाळींमध्ये टीबीला मात्र त्याचा उपयोग झाला असता, कारण टीबी हवेतूनच पसरतो.

टीबीचं लिहिलं पाहिजे कारण आपल्याकडे खरा रोजचा धोका तो आहे. तैपेईमधल्या एका युनिव्हर्सिटीत टीबीची साथ आली होती, वर्गातला सीओटू ३,००० च्या वर. व्हेंटिलेशन सुधारून तो ६०० च्या आसपास आणला आणि संपर्कातल्या लोकांत नवीन टीबी ९७ टक्क्यांनी कमी झाला. हा एक अभ्यास मीटरची किंमत वसूल करतो.

आता सेन्सर. विकत घेताना वर्णनात एनडीआयआर असं लिहिलेलं असलं पाहिजे. यात आत बारीक इन्फ्रारेड दिवा असतो, सीओटू ठराविक तरंगलांबीचा इन्फ्रारेड शोषतो, किती शोषला त्यावरून आकडा. फोटोअकॉस्टिक सेन्सरवालेही चांगले असतात. स्वस्तातले जे सातशे-आठशेला मिळतात त्यांच्यात सीओटूचा सेन्सरच नसतो, हवेतल्या इतर वासांच्या वायूंवरून अंदाजे आकडा बनवतात. माझ्या जाऊबाईंनी असलाच घेतला. फोडणी दिली की पाच हजार, सेंट मारला की पाच हजार, आणि बंद बेडरूममध्ये चार माणसं रात्रभर झोपली तर सकाळी ४५०. ओळखायची ट्रिक सोपी, सॅनिटायझर हाताला चोळून हात मीटरजवळ न्या, श्वास रोखून. आकडा उडाला तर मीटर खोटा. फुंकर मारून बघू नका, फुंकरेने दोन्ही उड्या मारतात.

माझ्या मीटरच्या तक्रारी. बझर भयानक आहे आणि बंद करायची सेटिंग मॅन्युअलमध्ये सापडत नाही, पॉवरचं बटण दोनदा पटकन दाबायचं असतं हे माझ्या एका विद्यार्थ्याने शोधून काढलं. बॅटरी एका दिवसाच्या आत संपते, त्यामुळे चार्जरला लावूनच ठेवावा लागतो. रात्री स्क्रीनचा उजेड कमी होत नाही. मॅन्युअलचं इंग्रजी वाचून करमणूक होते. आणि महत्त्वाचं, तो स्वतःला आपोआप कॅलिब्रेट करतो, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून चालतो. कायम बंद खोलीत ठेवला तर हळूहळू कमी दाखवायला लागेल. म्हणून अधूनमधून गॅलरीत नेऊन ठेवायचा, सावलीत, कबुतरांपासून लांब.

काय दाखवत नाही तेही ऐका. खोलीत हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कण अडवणारा, प्युरिफायर लावला तर व्हायरस असलेले थेंब कमी होतात पण सीओटू तेवढाच राहतो, मीटर लालच दिसणार, घाबरू नका. उलट स्वयंपाकघरात गॅस पेटवला की आकडा वाढतो, तो गॅसचा, माणसांचा नाही. मास्कचाही पत्ता लागत नाही. त्या दवाखान्यात मी एन९५ लावूनच बसते, कापडी नाही आणि गळ्यात लटकवलेला तर नाहीच. एन९५ मध्ये मधल्या थराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो, सूक्ष्म कण त्याला चिकटतात, म्हणून तो साबणाने धुवायचा नाही. आणि लस ती लस. खिडकीने लागण कमी होते, झालीच तर हॉस्पिटलपर्यंत जायची पाळी येऊ नये म्हणून लस. आमच्या सासूबाईंना दोन्ही गोष्टी एकाच वेळी पटवायला मला फार त्रास झाला, त्यांचं म्हणणं की लस घेतली तर वारा कशाला, आणि वाऱ्याने सर्दी होते.

बॅचमध्ये फरक पडला का? या पावसाळ्यात एक खोकणारा आला, त्याच्यानंतर दोघं-तिघं पडले, निम्मी बॅच नाही. एका खोलीचा एका सीझनचा अनुभव, याला पुरावा म्हणू नका, मीच मुलांना सॅम्पल साइज शिकवते.

कुणी घ्यावा? क्लासवाले, अभ्यासिकावाले, दवाखाने, छोटी एसी ऑफिसं, घरात म्हातारं माणूस किंवा केमो वगैरे चालू असलेलं कुणी असेल ते. एका सोसायटीत एक घेऊन फिरवला तरी चालतो, कारण महिनाभरात आपली खोली कशी वागते ते पाठ होतं, मग रोज बघायची गरज राहत नाही. खिडक्या कायम उघड्या असणाऱ्या कोकणातल्या घरांना अजिबात गरज नाही, त्या पैशात आंबे घ्या.

माझ्याकडून चार स्टार, एक बझरसाठी कापला. ऑर्डर केलात तर रिटर्नची मुदत संपायच्या आत सॅनिटायझरची टेस्ट करून घ्या, आणि पहिले दोन दिवस गॅलरीतला आकडा ४०० ते ४८० च्या मध्ये येतोय का ते बघा, नाही आला तर सरळ परत पाठवा, विकणारा "सेटल व्हायला आठवडा लागतो" म्हणेल, ऐकू नका.